मोजलंस का?

विज्ञानाच्या उपयोगी मी आयुष्यात एकदाच पडलो, आणि तेही काठी म्हणून. ही गोष्ट सांगण्यासारखी आहे की लपवण्यासारखी, याचा निर्णय मला अद्याप करता आलेला नाही. निपाणीहून चिकोडीकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या एका गावात, मुलींच्या मराठी शाळेत, मी मराठी शिकवीत असे. दुसऱ्यांनी लिहिलेले वाचून दाखवण्यात सगळी नोकरी गेली. स्वतः चार ओळी लिहाव्यात हे धाडस निवृत्तीनंतर, एकसष्टाव्या वर्षी होत आहे. आणि पहिल्यांदा लिहायचे तर कोणाविषयी, असा विचार करू लागलो, तेव्हा जिने माझ्या विषयाला कधी विषय मानलेच नाही, नेमकी तीच व्यक्ती समोर येऊन उभी राहिली.

त्या आमच्या शाळेच्या विज्ञानाच्या मॅडम. मुली त्यांना ‘टीचर’ म्हणत, आणि त्या वर्गाबाहेर पडल्या की ‘ताणकाटा’. टोपणनाव अगदीच निराधार नव्हते. हुकाला वस्तू अडकवली की आतली स्प्रिंग ताणली जाऊन वजन दाखवणारा एक ताणकाटा त्यांच्या पर्समध्ये कायम असे. इतर स्त्रियांच्या पर्समध्ये काय असते हे मला ठाऊक नाही. मी कधी विचारलेले नाही. मॅडमच्या पर्समध्ये मात्र ताणकाटा, गवंड्याचा ओळंबा, मोजपट्टी, स्टॉपवॉच आणि रुमालात गुंडाळलेले भिंग एवढा ऐवज असे. कोणतीही नवी वस्तू दिसली की त्या ती आधी हुकाला अडकवीत. आमचा परिचय झाला तो असाच. मी नमस्कार केला. त्यांनी माझ्या हातातली निबंधवह्यांची पिशवी घेतली, हुकाला लावली, डोळ्यांसमोर धरली आणि म्हणाल्या,

“बेचाळीस न्यूटन. खांदा दुखत असेल की, सर.”

खांदा खरोखरच दुखत होता. हे मी पत्नीलाही सांगितलेले नव्हते.

“मोजलंस का?” हा त्यांचा एकच प्रश्न सर्व प्रसंगांना पुरत असे. बस चुकली म्हणून उशीर झाला, असे मुलगी सांगू लागली की, “किती मिनिटांनी चुकली? मोजलंस का?” पोटात दुखते म्हणून घरी जाऊ द्या, म्हटले की, “एका मिनिटात किती कळा? मोजलंस का?” एकदा नववीतली एक मुलगी रडकुंडीला येऊन म्हणाली,

“टीचर, आई लई चिडलीया माझ्यावर.”

“किती?”

मुलगी गोंधळली. बोटांवर काहीतरी हिशेब करून म्हणाली, “परवापेक्षा दुप्पट.”

मॅडमचा चेहरा उजळला. “शाब्बास! तुलना आली. एकक पुढच्या आठवड्यात ठरवू.”

मुलगी रडायचे विसरून जागेवर जाऊन बसली.

आमच्या दोघांमध्ये जे काही युद्ध झाले, ते निबंधवह्यांवरून झाले. युद्ध म्हणजे त्या बोलत आणि मी टेबलाकडे पाहत असे. मी तपासून कपाटात ठेवलेल्या वह्या एके दिवशी उघडल्या, तर माझ्या लाल शाईशेजारी हिरव्या शाईत निराळेच शेरे. ‘आईच्या डोळ्यांतून तेज बाहेर पडत होते’ या वाक्याखाली: ‘डोळा हा प्रकाशाचा उगम नाही.’ ‘क्षणभर काळ थांबला’ याखाली: ‘कोणाच्या घड्याळात?’ ‘मी वाऱ्याच्या वेगाने धावत सुटले’ याखाली: ‘वेग लिहिला, दिशा राहिली.’ आणि ‘काळजावर मणाचे ओझे’ याला तर सरळ काट मारून, ‘मण रद्द झाला आहे. न्यूटनमध्ये लिही.’

मी सगळे बळ एकवटून म्हणालो, “मॅडम, ही अलंकारिक भाषा आहे.”

“असू दे की, सर,” त्या म्हणाल्या, “पण अलंकार खरा असला तर बिघडतं काय? खोटे दागिने कशाला घालायचे पोरींनी?”

यावर उत्तर आहे, हे मला माहीत होते. ते मला त्या रात्री साडेदहाला सुचले. तोवर उशीर झाला होता. पुढच्या महिन्यात ‘माझी आई’ या निबंधात एका मुलीने लिहिले, ‘आईच्या डोळ्यांवरून ट्यूबलाइटचा प्रकाश परावर्तित होत होता.’ मी तिला दहापैकी आठ गुण दिले. का दिले, हे मला अजूनही सांगता येणार नाही. पण ती आई मला दिसली, एवढे खरे.

एकदा त्यांच्यासोबत निपाणीच्या बाजारात जाण्याचा प्रसंग आला. भाजीवाल्या मावशींनी लांबूनच शेजारणीला हाक घातली, “अगं ए, न्यूटनवाल्या बाई आल्या गं!”

“मावशी, वीस न्यूटन वांगी द्या.”

“वीस म्हंजे दोन किलो न्हवं का?”

“जवळजवळ. पण किलो हे वस्तुमान झालं. वजन वेगळं. हीच वांगी चंद्रावर नेली तर वस्तुमान तेवढंच राहील, पण वजन सहावा हिस्सा होईल.”

“चंद्रावर न्या न्हाय तर चिकोडीला न्या. वांगी माझीच चांगली.”

मॅडमनी पिशवी ताणकाट्याला लावली. “अठरा.” मावशींनी निमूटपणे आणखी दोन वांगी टाकली आणि “साकु?” म्हणून विचारले. पुरे की नाही, एवढाच त्या कानडी शब्दाचा अर्थ. पण तो त्यांनी अशा स्वरात उच्चारला की मलाच अपराध्यासारखे वाटले. दुष्परिणाम पुढेच झाला. महिनाभराने मी एकटा मिरच्या घ्यायला गेलो. मला पाव किलो हव्या होत्या. मावशींनी अत्यंत आदराने विचारले, “सर, किती न्यूटन देऊ?” संकोचापायी ‘दहा’ म्हणून गेलो, आणि दहा न्यूटन म्हणजे किलोभर मिरच्या घेऊन घरी आलो.

मॅडमचा एक नियम मात्र विनोदाचा नव्हता. त्यांच्या वर्गात स्वयंपाकघर आणायला बंदी होती. शिक्षण खात्याचे एक साहेब तपासणीला आले असता त्यांनी सुचवले, “मुलींना दाब ही संकल्पना कुकरवरून शिकवावी. त्यांना जवळची वाटते.”

“मुलांच्या शाळेत कशावरून शिकवतात, साहेब?”

“तिथे… ट्रकच्या टायरवरून वगैरे.”

“मग आमच्या पोरींनी टायरचं काय वाकडं केलंय?”

दुसऱ्या दिवशी रस्त्यापलीकडच्या गॅरेजमधून ट्रकचा एक टायर गडगडत दहावीच्या वर्गात आला आणि वर्षभर तिथेच राहिला. मुली मधल्या सुट्टीत त्यावर बसून डबा खात.

त्याच वर्षी ऊसतोडीच्या हंगामात शाळेपुढच्या चढावर उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरने पुढची चाके उचलली. आमच्याकडे हे नेहमीचेच. दोन-तीन गडी बॉनेटवर बसले की चाके खाली येतात. मॅडम वर्ग घेऊन धावत बाहेर आल्या. खडूने रस्त्यावर आकृती निघाली.

“गुरुत्वमध्य कुठं सरकला? बोला!”

“ओ टीचर,” ड्रायव्हर वरून ओरडला, “ते गुरुत्व-बिरुत्व नंतर बघा की. आधी दोन माणसं बोलवा बसायला.”

“दोनच का? मोजलंस का?”

मुलींनी मोजले. गलका ऐकून आमचे मुख्याध्यापक फाटकाशी आले. ते देहाने भारदस्त होते. त्यांच्याकडे एकवार पाहून पुढच्या रांगेतली एक मुलगी खणखणीत आवाजात म्हणाली, “टीचर, सहा मुली लागत्यात. पर हेडसर बसले तर एकटंच पुरं!”

उत्तर बरोबर होते. मुख्याध्यापक आठ दिवस मॅडमशी बोलले नाहीत.

हे सगळे त्यांच्यात कोठून आले असावे, असे मला वाटे. त्या लोंढ्याच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये वाढलेल्या. वडील सिग्नलवर. लहानपणी रुळांलगतच्या खांबांवरून गाडीचा वेग काढणे हा त्यांचा खेळ होता, आणि खेळायला दुसरे कोणी नसल्याने त्या स्वतःशीच हरत-जिंकत असत. पुढे बेळगावला बीएस्सी करताना वर्गात त्या एकट्याच मुलगी होत्या. “तीन वर्षं प्रयोगाला जोडीदार नव्हता, सर,” त्या एकदाच म्हणाल्या. “पट्टीचं एक टोक मी धरायची, दुसरं टोक खिडकी.” मग लगेच पर्समधून काहीतरी काढून त्यांनी माझ्या चहाचे तापमान घेतले.

म्हणूनच की काय, दहावीनंतर आपल्या शाळेतली एक तरी मुलगी पीयूसीला सायन्स घेऊन गेली पाहिजे, हा त्यांचा ध्यास होता. पीयूसी म्हणजे इकडची अकरावी-बारावी. त्या शाळेत आल्याला सहा वर्षे झाली होती, आणि सहा वर्षांत एकही गेली नव्हती. आर्ट्सचे कॉलेज सकाळचे. दुपारी बाराला मुलगी घरी. सायन्सला संध्याकाळी प्रॅक्टिकल. तिथेच सगळ्यांच्या घरची गाडी अडे.

सातव्या वर्षी त्रिशला आली. जैन शेतकरी घरातली, बारीक चणीची, बोलायला माझ्याइतकीच भित्री, पण मॅडमनी “मोजलंस का?” म्हणण्याआधीच हिने मोजलेले असे. दहावीच्या सहामाहीपूर्वीच घरी ठरून गेले की पुढे आर्ट्स. मॅडमनी मला सोबत घेतले.

“तुम्ही बोला, सर. तुम्ही भाषेचे.”

“मी?”

“आणि तिची आई तुमची विद्यार्थिनी ना?”

ती होती. गणितात शंभरपैकी अठ्ठ्याण्णव, मार्चमध्ये परीक्षा आणि मे महिन्यात लग्न. आम्ही गेलो तेव्हा तिने मला वाकून नमस्कार केला आणि स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन उभी राहिली. सोप्यात तिचे सासरे, म्हणजे त्रिशलाचे आज्जा, आणि नवरा बसले होते. मी अर्थातच काही बोललो नाही. विषय मॅडमनीच काढला.

“टीचर, आमचा शिक्षणाला इरोध न्हाय,” आज्जा शांतपणे म्हणाले. “पर आमच्या घरात सूर्य मावळल्यावर कोण अन्नाचा कण तोंडात घालत न्हाय. सायन्सला प्रॅक्टिकल सुटणार, मग बस. पोरगी घरात पाऊल ठेवणार सहा पंचवीसला. कंडक्टरला इचारूनच आलोय मी. जेवणार कवा? रोज उपाशी झोपवू व्हय नातीला?”

“सूर्य किती वाजता मावळतो?”

आज्जांनी भिंतीकडे बोट केले. कॅलेंडर होते. “आजचं सहा एकतीस. म्हंजे सहा मिनिटं राहत्यात. सहा मिनिटांत एक भाकरी हुती. तेवढ्यावर मी हो म्हटलं असतं. पर हा बघा…”

“कुठलं एकतीस?” त्रिशलाच्या वडिलांनी खिशातून मोबाईल काढला. “ह्यात सहा बारा दाखवतंय. म्हंजे पोरगी बसमधी असतानाच सूर्य गेला. मग कशाला त्या नादाला लागायचं, आप्पा?”

मॅडमनी चष्मा पुसला. ही वाईट खूण होती. “हे कॅलेंडर कुठलं?”

“मराठीच की. मुंबईचं.”

“आणि मोबाईलवर गावाचं नाव काय आलंय?”

वडिलांनी पाहिले. “बेंगळूर. कार्ड कर्नाटकातलं हाय न्हवं. तशी परड्यात गेलं की महाराष्ट्राची रेंज येती आमाला.”

“म्हणजे आज्जा, तुम्ही मुंबईच्या सूर्यावर जेवताय आणि हे बेंगळूरच्या सूर्यावर पोरीची शाळा थांबवताय,” मॅडम म्हणाल्या. “तुमच्या गावचा सूर्य कोणी मोजलाय का?”

आमच्या भागात कोणत्या राज्याचे काय, यावर बरेच बोलणे होत असते. पण सूर्याचा विचार त्या दिवसापर्यंत कोणी केला नव्हता. आणि पावसाळाभर ढगांमुळे सूर्य दिसत नसल्याने त्या घरातले सगळे व्रत भिंतीवरच्या कॅलेंडरवर चालले होते, हेही तेव्हाच ध्यानात आले. आज्जा सर्वांत अस्वस्थ झाले.

“डोळ्यानं बघू म्हटलं तर आमच्या पश्चिमेला डोंगर. त्याच्याआड गेला म्हंजे मावळला असं न्हाय.” मग नातीकडे वळून म्हणाले, “तिरशला, तू काढ वेळ. एकतीस न्हाय तर त्याच्या पुढं निघाली, तर सायन्सला जा. थंडीत काय करायचं ते थंडीत बघू. पर कमी निघाली तर परत नाव काढायचं न्हाय. कबूल?”

“व्हय,” त्रिशला म्हणाली. एवढाच शब्द ती त्या दिवशी बोलली.

दुसऱ्याच दिवशी ऊन पडले आणि शाळेच्या मैदानात प्रयोग ठरला. सूर्य माथ्यावर येण्याची वेळ काढायची आणि मुंबईच्या वेळेशी ताडून पाहायची; जेवढा फरक माथ्यावर, तेवढाच मावळताना. त्यासाठी सावली मोजायची. झेंड्याचा खांब पायऱ्यांच्या चौथऱ्यावर असल्याने त्याची सावली मोडत होती. बांबू आणला तर तो वाऱ्याने डोलू लागला. मॅडमनी सभोवार पाहिले आणि त्यांची नजर माझ्यावर स्थिरावली.

“सर, तुम्ही उभे राहा.”

“मी कशाला?”

“तुम्ही उंच आहात, आणि हलत नाही. तुमचा स्वभाव उपयोगी आहे, सर. कोणी सांगितलं नाही का तुम्हाला?”

कोणीही सांगितले नव्हते. माझ्या टोपीत टोकदार पेन्सिल खोचण्यात आली, ओळंबा नाकासमोर धरून मी सरळ आहे याची खात्री करण्यात आली, आणि साडेअकरा वाजता मी काठी झालो. पेन्सिलीच्या टोकाची सावली पडे तेथे मुली रांगोळीने ठिपका काढीत. मधल्या सुट्टीत सारी शाळा जमली. एक पालक दाखला मागायला आले आणि त्यांनी मला नमस्कार केला. मला हलता येईना.

“सरांना काय झालंय?” त्यांनी काळजीने विचारले.

“सर आता काठी हायत,” एक मुलगी म्हणाली.

पालकांनी समजूतदारपणे मान हलवली आणि दाखला न घेताच ते निघून गेले.

सव्वाबाराच्या सुमारास अडचण आली. सावली सर्वांत लहान होते तो क्षण पकडायचा होता. पण त्या वेळी सावली इतकी हळू बदलते की सलग दहा-बारा मिनिटे ती सारखीच दिसे. मुली हिरमुसल्या. मॅडम गप्प. त्यांना उपाय ठाऊक होता, हे त्यांच्या ओठ घट्ट मिटण्यावरून मला स्पष्ट दिसत होते. मला समोर पाहण्यावाचून दुसरे काही कामच नव्हते. तेवढ्यात त्रिशला माझ्या पायांशी उकिडवी बसली आणि पुटपुटली, “सगळ्यात लहान कशाला शोधायची? साडेअकराला जेवढी हुती, तेवढीच परत कवा हुती ते बघायचं. दोन्हींच्या मधोमध माथ्यावर आला असणार.”

मॅडमनी पाठ फिरवली आणि उगाचच भिंग पुसू लागल्या.

सावली पुन्हा तेवढीच झाली एक वाजून सोळा मिनिटांनी. मध्य निघाला बारा तेवीस. त्रिशलाने वहीत कॅलेंडरवरची वेळ उतरवून आणली होती: मुंबईला सूर्योदय सहा सत्तावीस, सूर्यास्त सहा एकतीस; म्हणजे मुंबईच्या माथ्यावर बारा एकोणतीसला. तिने वजाबाकी केली. मग पुन्हा केली. मग तिने पेन्सिल खाली ठेवली.

आमच्या गावाच्या माथ्यावर सूर्य मुंबईपेक्षा सहा मिनिटे आधी येत होता. मावळतही सहा मिनिटे आधीच होता. सहा पंचवीसला. मुलीचे पाऊल उंबऱ्यात आणि सूर्य खाली, दोन्ही एकाच वेळी. भाकरीची सहाच्या सहा मिनिटे संपली होती.

मुली पांगल्यावर मी टोपीतली पेन्सिल काढून मॅडमच्या हाती दिली. आयुष्यात मी कोणाला जाब विचारलेला नाही. त्या दिवशी विचारला.

“आपण मुंबईच्या पूर्वेला. आपल्याकडे सूर्य आधीच मावळणार, हे तुम्हाला त्या दिवशी सोप्यात बसल्याबसल्याच ठाऊक होते ना?”

“होतं.”

“मग थांबवले का नाही तिला? कॅलेंडरवर आज्जा खूश होते. मुलाची समजूत त्यांनीच घातली असती.”

“उत्तर आवडणार नाही म्हणून प्रश्न सोडून द्यायचा असतो का, सर?” त्या म्हणाल्या. पण आवाज नेहमीचा नव्हता. “ती घरी काय सांगते ते बघू. तिची वही, तिची वजाबाकी.”

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही दोघे पुन्हा त्या सोप्यात बसलो. वाटेत मी स्वतःला बजावले होते की वेळ आलीच तर आपण खोटे बोलायचे. ‘सहा बत्तीस’ एवढे दोनच शब्द. मी ते मनात घोळवीतही होतो. त्रिशला वही छातीशी धरून उभी राहिली.

“निघाली का गं वेळ?” आज्जांनी विचारले.

“निघाली, आज्जा. सहा पंचवीस.”

“म्हंजे?”

“कॅलेंडरपेक्षा सहा मिनिटं आधी.”

वडील हातातल्या मोबाईलकडे पाहू लागले. हे उत्तर मोबाईलचेही नव्हते, कॅलेंडरचेही नव्हते. पण मुलगी हरली, एवढे सर्वांना कळले. मॅडम ताठ बसल्या होत्या. मांडीवरची पर्स त्यांनी दोन्ही हातांनी धरली होती.

आज्जांनी वही मागून घेतली. सावलीचे ठिपके पाहिले. माझ्या नावापुढे कंसात ‘काठी’ लिहिलेले पाहिले, आणि एकदा माझ्याकडे पाहिले. मी नजर खाली घातली.

“खुळीच हाईस,” ते अखेर म्हणाले. “गप बसली असतीस, कॅलेंडरचं बरोबर हाय म्हटली असतीस, तर कुणाला कळणार हुतं? तुझी भाकरी तुला मिळाली असती. कशाला सांगितलंस?”

“पर आज्जा,” त्रिशलाचा आवाज इतका बारीक होता की आम्ही सगळे पुढे वाकलो, “तुमी सहा एकतीसपतूर जेवता. म्हंजे रोज सहा मिनिटं रात्री जेवता. ते कळल्यावर गप कशी बसू?”

आज्जांनी वही मिटली. मग उठले, भिंतीजवळ गेले आणि कॅलेंडर खिळ्यावरून काढून उलटे करून कोनाड्यात ठेवले.

“सत्तर वर्षांत असं मला कोण बोललं न्हाय,” ते म्हणाले. “ही पोरगी सायन्सलाच जाणार.”

“आप्पा!” वडील म्हणाले. “आन् जेवण? आता तर सहा मिनिटंबी न्हाईत!”

“ते आपुन बघू. घर बस-स्टँडजवळ घेऊ. न्हाय तर कंडक्टरला…”

“सायकल?” मॅडम म्हणाल्या. “ताशी पंधरा किलोमीटर धरले तर…”

मीही काहीतरी बोलावे म्हणून तोंड उघडले होते. तेवढ्यात दाराशी उभी असलेली त्रिशलाची आई म्हणाली, “मी डबा देते की. पाच वाजता कॉलेजातच खाईल.”

आम्ही चौघेही तिच्याकडे वळलो. चार सुशिक्षित-जाणती माणसे तीन दिवस सूर्य पुढे-मागे सरकवू पाहत होती. डबा कोणाच्याही डोक्यात आला नव्हता. मॅडम तर अक्षरशः तोंड उघडे ठेवून बसल्या.

“आधी का नाही बोललीस गं?” मी विचारले. अनेक वर्षांनी मी तिला वर्गातल्यासारखे विचारले होते.

“सर, मला कुणी इचारलं न्हाय,” ती म्हणाली, आणि पदर सावरून आत वळली. “ताटं घेते. आता सहा मिनिटं कमी झाल्यात न्हवं? टीचर, सर, तुमीबी बसा.”

मॅडम कोणाच्या घरी जेवत नसत. त्या दिवशी बसल्या. सहा वाजून सतरा मिनिटे झाली होती. मुगाची आमटी कढत होती, भाकरी तव्यावरून थेट ताटात येत होत्या आणि पंक्तीत कोणीही बोलत नव्हते; फक्त चावण्याचा आणि फुंकण्याचा आवाज. माझी जीभ भाजली, पण तक्रारीला वेळ नव्हता. त्रिशला जेवत नव्हती. तिने आधीच उरकले होते. मॅडमचे स्टॉपवॉच तिच्या हातात होते आणि ती पंक्तीच्या टोकाशी उभी होती.

“आणखी एक वाढ गं,” आज्जा म्हणाले.

“थांबा,” त्रिशला म्हणाली. सहा पंचवीस झाले होते.

आज्जांचा हात ताटावर थांबला. वडिलांनी तोंडाशी नेलेला घास खाली ठेवला. मी पाण्याचा पेला तसाच धरून राहिलो. बाहेर अजून पुरेसा उजेड होता, पण घरात त्या पंधरा वर्षांच्या मुलीच्या एका शब्दापुढे कोणीही बोट हलवले नाही. मॅडमच्या हातात आमटीत बुडवलेला भाकरीचा तुकडा होता. तो त्यांनी सावकाश ताटात ठेवला. ठेवताना त्यांनी ताटाकडे पाहिलेच नाही. त्या तिच्याकडे पाहत होत्या.